थकलेली सूत्रधार आणि पाचवं रीळ

"मी रथातून उडी मारतो आणि राक्षसाच्या टाळक्यात गदा हाणतो!" धाकटा ओरडला.

"तुझी गदा कालच नदीत पडली," ताईने जांभई दिली. "फासा टाक. आणि हळू बोल, डोकं दुखतंय माझं."

फाशावर एक पडला. "हात्तिच्या!" धाकट्याने कपाळावर हात मारला.

सिनेमा थिएटरच्या जिन्याखाली चौघांचा अड्डा होता: ताई, तिचा धाकटा भाऊ, जाड चष्म्याचा ढापण्या आणि वर्गात सगळ्यांत उंच म्हणून लंबी. सुट्टीभर एकच खेळ. सूत्रधाराने सांगायचं की तुमच्यापुढे अमुक दार आहे, तमुक पहारेकरी आहे. बाकीच्यांनी आपण काय करतो ते सांगायचं आणि निकाल फाशाने लावायचा. तिघं रोज शूरवीर व्हायचे. राक्षस, राजा, पुजारी आणि मोडका पूल, हे सगळं एकट्या ताईने व्हायचं. तीन आठवड्यांत कुणी विचारलंसुद्धा नाही, की बाई गं, तुला खेळायचंय का?

खेळाला माल मिळायचा तो वरच्या पडद्यावरून. सुट्टीत रोज दुपारी तिथे प्राचीन काळच्या गोष्टींचे जुने सिनेमे लागायचे. रथ, तलवारी, कोसळणारी देवळं! खांब पडताना पुठ्ठ्याचा आहे हे स्वच्छ दिसायचं, तरी चौघं शिट्ट्या मारायचे. ताई अंधारात वहीत टिपून घ्यायची की दारं किती, पहारेकरी कुठे. दुसऱ्या दिवशी खेळ त्याच राजवाड्यात रंगायचा.

पण काल घोटाळा झाला. नायक काळ्या घोड्यावरून भुलभुलैयात शिरला, आणि पुढच्याच क्षणी हात गळ्यात बांधून सिंहासनावर! मधला भुलभुलैयाच गायब. आठांपैकी पाचवं रीळ डब्यासकट हरवलं होतं.

"मॅनेजरसाहेब माझ्यावरच ठपका ठेवतात, की मला डुलकी लागली आणि मीच कुठेतरी ठेवलं," पायरीवर बसलेले ऑपरेटरकाका म्हणाले. तीस वर्षं ते वरच्या खोलीत प्रोजेक्टर चालवत होते. "डबे आले त्या रात्री त्यांच्याच खोलीत होते, सकाळी मी वर नेले. असेलही पोरांनो. हल्ली जिना चढतानाच डोळे मिटतात. पाच वाजता सिनेमे भाड्याने देणाऱ्या फिल्मवाल्या बाई येणार. रीळ नसलं की त्या सिनेमे परत नेणार, आणि मॅनेजर मला घरी धाडणार."

एवढं बोलून ते कठड्याला धरून वर गेले. चौघांनी सकाळपासून प्रोजेक्टरची खोली, अडगळ, सगळ्या खुर्च्यांखालची जागा पालथी घातली होती. रिळाचा पत्ता नव्हता.

"शोधून शोधून पाय गेले," लंबी म्हणाली. "ताई, खेळ पुढे ने ना! दुष्ट राजाच्या दालनात शिरतो आम्ही."

ताईचं डोकं रिकामं होतं. नवं दालन रचायचं त्राणच नव्हतं अंगात. म्हणून तिने डोळे मिटले आणि काल तिकिटं घेताना दारातून दिसलेली मॅनेजरची खोली जशीच्या तशी सांगून टाकली. "समोर मोठं मेज. मेजावर कागदांचा ढीग. कोपऱ्यात स्टुलावर वारा घालणारं यंत्र, एका गोल पत्र्याच्या डब्यावर ठेवलेलं..."

"मी डबा तपासतो!" ढापण्या म्हणाला.

"कशाला? साधा डबा आहे."

"तू सांगितलास म्हणजे काहीतरी असणारच. केवढा आहे?"

ताईने हातांनी माप दाखवलं. आणि तिचे हात तसेच हवेत राहिले.

"अगं बाई!" ती म्हणाली.

पाच वाजून गेले होते. चौघं धावत मॅनेजरच्या खोलीत घुसली. फिल्मवाल्या बाई खुर्चीत कपाळाला हात लावून बसल्या होत्या. ऑपरेटरकाका दाराशी मान खाली घालून उभे होते.

"ए, चला बाहेर!" मॅनेजर खेकसला.

लंबी पुढे सरकलीच. ताईने तिचा हात दाबला. मग ताईच अगदी गरीब आवाजात म्हणाली, "साहेब, रिळं आली तेव्हा डबे रात्रभर याच खोलीत होते ना? इथे शोधलंत?"

"इंचन् इंच!" मॅनेजरने बाईंकडे बघत छाती फुगवली. "डोळ्यांत तेल घालून! या खोलीत ते रीळ निघालं, तर सगळा दोष माझा. भर सभेत माफी मागेन या म्हाताऱ्याची!"

"ऐकलंत ना बाई?" ताईने विचारलं.

"ऐकलं," बाई म्हणाल्या.

धाकट्याने पंख्याचं बटण बंद केलं. ढापण्याने पंखा उचलला. ताईने डबा उलटा केला. खाली खडूने मोठा पाच काढलेला होता.

मॅनेजरच्या तोंडचं पाणी पळालं.

"तो... तो पंखा नाचायचा हो," तो चाचरत म्हणाला. "डबा जड होता, म्हणून ठेवला. मला वाटलं, रिकामाच असेल..."

"रिकामा आणि जड?" बाई कडाडल्या. "काखेत कळसा आणि गावाला वळसा! आणि खापर फोडलंत ते या माणसाच्या डोक्यावर! मागा माफी!"

मॅनेजरने मागितली. काकांनी मान डोलावली, डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरला आणि तिथेच खाली बसले. त्यांचे डोळे भरून आले होते. "माझं डोकं शाबूत आहे तर," ते पुटपुटले. "मलाच माझा भरवसा वाटेनासा झाला होता गं."

"शाब्बास पोरांनो!" बाई म्हणाल्या. "सुट्टी संपेपर्यंत सिनेमे इथेच राहतील. आणि ऑपरेटरही हेच."

जिन्याखाली परतताच तिघांनी एकच गिल्ला केला. "ताई, चल, दालन अर्धंच राहिलंय! आता राक्षस आण! दोन आण!"

"मी दमलेय," ताई म्हणाली. "रोज मीच राक्षस. मलाही एकदा नुसतं खेळायचंय."

धाकटा फासा हातात घोळवत राहिला. "आम्हाला कळलंच नाही गं," तो म्हणाला.

मागोमाग आलेले काका पायरीवर टेकले. "तीस वर्षं प्रोजेक्टरच्या खिडकीतून तेच राजवाडे बघतोय मी. सरका, आज मी सांगतो. भुलभुलैया तोंडपाठ आहे मला. बोल ताई, तू कोण होणार?"

ताईने भिंतीला पाठ टेकली, पाय लांब केले.

"राणी," ती म्हणाली. "आणि राणी आत्ता झोपलीय."

"बरं," काका दबक्या आवाजात म्हणाले. "वीरांनो, चपला हातात घ्या. राणीची झोप मोडता कामा नये."