अनोळखी शीळ

या रे बाळांनो, असे जवळ सरकून बसा! आज तुम्हाला एका शिळेची गोष्ट सांगतो. भीती वाटली तर शेजारच्याचा हात धरा, पण ऐका शेवटपर्यंत!

दूर पूर्वेकडच्या समुद्रातल्या जेजू बेटावर उन्हाळ्याची सुट्टी लागली होती. समुद्रकाठच्या काळ्या खडकावर नारे गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. शेजारी तिचा मित्र हान्सोल आणि त्याची धाकटी बहीण बोम डब्यातले भाताचे गोळे खात होते. समोर गावातल्या पाणबुड्या बायका शंख-शिंपल्यांसाठी बुड्या मारत होत्या. वर आल्या की कोंडलेला श्वास शीळ घालतच बाहेर पडायचा. प्रत्येकीची शीळ वेगळी!

"ही किंचाळणारी कोण गं?" हान्सोलनं विचारलं.

"तुझी आई!"

"घरीसुद्धा अशीच असते!" बोम खिदळली.

नारेला सगळ्या शिळा ओळखू यायच्या, पण ती स्वतः गेल्या उन्हाळ्यापासून पाण्यात उतरली नव्हती. तेव्हा एका मोठ्या शंखाच्या मोहानं ती जास्त वेळ खाली राहिली आणि नाकातोंडात पाणी गेलं. ओक्सून सामचुननी तिला केसांना धरून वर काढलं. बेटावर थोरामोठ्यांना, बाई असो की पुरुष, सगळे सामचुनच म्हणतात.

त्या रागावल्या नाहीत. आपला छोटा विळा तिच्या हातात देत म्हणाल्या, "भीती वाटते ना? मलाही रोज वाटते. तिला पोटात बसू दे, गळ्यात चढू द्यायचं नाही. आणि श्वास अर्धा उरला की वर यायचं! काम राहिलं तरी वर! मला हे माल्जा सामचुननी शिकवलंय."

माल्जा सामचुन एका वादळात समुद्रातच राहिल्या. त्यांच्या नावानं ओक्सून सामचुन रोज हात जोडून कागदात बांधलेला भात पाण्यात सोडत. आजही सोडला होता.

"ए, एक सांगू?" बोम एकदम म्हणाली. "काल आपण बू सामचुनना काय सांगितलं? खडकापलीकडे मेलेले मासे दिसले, एवढंच ना?"

"हो. गावचे मुखिया ते, पण लक्षच दिलं नाही!" हान्सोल फुरंगटला. "म्हणाले, 'उन्हानं मेले असतील. तिथं जाळंबिळं काही नाही. पळा, खेळा!'"

"पण जाळ्याचं नाव आपण कुठं काढलं होतं?"

हान्सोलच्या हातातला घास हातातच राहिला. तेवढ्यात खडकापलीकडून शीळ आली. आखूड, तुटकी. पुन्हा तशीच!

"ही ओक्सून सामचुनची आहे! पण त्यांची शीळ किती लांब असते... हान्सोल, त्या जाळ्यात अडकल्यात! आणि भरती चढतेय!"

बाकीच्या बायका लांब होत्या. मुलं घसा फोडून ओरडली, पण वाऱ्यानं हाका गिळल्या.

"मी उडी मारतो!"

"तुला पाण्याखाली डोळे तरी उघडता येतात का? धक्क्यावर पळ, होडी आण! बोम, टॉवेल हलव!"

आणि नारेनं सामचुननी दिलेला, नेहमी जवळ बाळगलेला विळा काढला. तिनं पोहण्याचा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि उडी टाकली.

सामचुनचा चेहरा दोन लाटांच्या मध्येच तेवढा वर येत होता.

"मागे फिर, पोरी!" त्या धापा टाकत म्हणाल्या. पुढची लाट त्यांच्यावरून गेली.

नारे खाली गेली. काळोखं पाणी, मेलेल्या माशांचे पांढरे डोळे आणि सामचुनच्या घोट्याला हिरव्या जाळ्याचा विळखा! तिनं एक दोर कापला. दुसराही तुटला. तिसरा जाड होता. श्वास अर्धा झाला. अजून थोडंसंच! भीती सरसर गळ्याशी आली. सामचुनना असंच सोडून वर जायचं?

वर यायचं! काम राहिलं तरी वर!

ती वर आली आणि श्वास ओठांतून आपोआप बाहेर पडला. बारीक, थरथरती शीळ!

दूरवर बायकांनी माना वळवल्या.

"ही कुणाची गं शीळ? आपल्यातली नाही!"

"पोरीची आहे! चला, चला!"

नारे पुन्हा खाली गेली. दोर तुटेना. पुन्हा वर, पुन्हा शीळ. तिसऱ्यांदा खाली गेली तेव्हा तिच्या हातांशेजारी आणखी दोन हात आले. हान्सोलची आई! दोर तुटला!

मग सामचुनना काठावर आणून बायकांच्या शेकोटीपाशी सगळे जमले. होडी आणायला गेलेल्या हान्सोलनं धक्क्यावरून हिरव्या जाळ्याचा तुकडा आणला होता.

"बू सामचुन, हा तुमच्या होडीत सापडला. आम्ही फक्त मासे म्हणालो होतो. जाळं तुम्ही म्हणालात!"

बूंची मान खाली गेली. बायकांच्या पाण्यात जाळं टाकायला मनाई होती. तरी त्यांनी टाकलं, ते खडकाला अडकलं, म्हणून कापून तसंच सोडून दिलं. "चुकलो मी," ते पुटपुटले आणि माणसं घेऊन उरलेलं जाळं ओढायला निघाले.

"शाब्बास रे वाघांनो!" हान्सोलची आई किंचाळली.

"सांगितलं ना, घरीसुद्धा अशीच असते," बोम कुजबुजली.

शेकोटीभोवती धूर लागत नाही ती जागा सर्वांत जाणत्या बाईची. ओक्सून सामचुन लंगडत उठल्या आणि नारेला तिथं बसवलं.

"अहो, ही तुमची जागा! आणि मला तर अजून भीती वाटतेय!"

"मग उद्या तिला घेऊनच ये पाण्यात. मीही माझी आणीन."

दुसऱ्या दिवशी भाताच्या दोन पुड्या लाटांवर तरंगत गेल्या. एक ओक्सून सामचुनची, एक नारेची.

बाळांनो, माल्जा सामचुननी नारेला कधी पाहिलं नव्हतं. तरी त्या अंधाऱ्या पाण्यात पोरीला वर आणलं ते त्यांच्याच शब्दांनी. आज झोपण्याआधी हात जोडाल तेव्हा एवढं करा: त्या माउलीची आठवण काढा.