पट्टीखालचा नंबर

"हात दाखवा."

त्याच्याशी बोललेलं माझं हे पहिलं वाक्य. प्रेमाची सुरुवात अशी हवालदारासारखी करणारी बाई माझ्याशिवाय दुसरी नसेल.

अठ्ठ्याण्णव साल, दिवाळी नुकतीच सरलेली. कारेगावात ग्रामपंचायतीच्या वरच्या खोलीत आमचं वाचनालय होतं – तीन कपाटं, चार बाकं आणि मी, राबिया. वेळ दुपारी चार ते आठ. त्याआधी पहाटेपासून भावांचे डबे, भाच्यांच्या वेण्या, अम्मीच्या गोळ्या... कुलूप उघडेपर्यंत निम्मा जीव संपलेला असायचा. वय एकोणतीस, लग्न नाही. गावाच्या हिशोबानं सुटून गेलेली एसटी. खरं सांगू? मला त्याचं दुःख करायलाही वेळ नव्हता.

तर त्या आठवड्यात कुणीतरी पेपरातल्या नोकरीच्या जाहिराती ब्लेडनं कापून नेत होतं. आणि हा – निळा युनिफॉर्म, अंगाला मशीनच्या तेलाचा वास, डोळ्यांत झोप – नेमका त्याच पानावर वाकलेला.

त्यानं दोन्ही हात पुढं केले. नखांत काळं, तळवे रिकामे.

"ब्लेड असतं तर बाई, आधी दाढी नसती का केली?"

दाढी खरंच चार दिवसांची होती. मी हसू गिळलं.

"नाव?"

"अक्रम. वडगाव रासाईचा. हितं कंपनीत हाय, फर्स्ट शिफ्टला. झडती झाली असंल तर वाचू का?"

दुसऱ्या दिवसापासून त्यानं नवीच खोड काढली. पेपर वाचताना हात पाठीमागं बांधून उभा राहायचा, प्रार्थनेला उभ्या शाळकरी पोरासारखा.

"हे काय आता?"

"तुमचा भरवसा न्हाई. परत म्हणाल, हात दाखवा."

"पान कसं उलटणार?"

"तुम्ही हायसा की!"

आणि मी चक्क उलटत होते. पुस्तकं लावायची सोडून जात होते. पान उलटायला दोन क्षण लागतात, मला जरा जास्त लागायचे...

कापाकापी थांबेना, तेव्हा वाचनालयाचे सेक्रेटरी सोपानआबा सुताराकडून लाकडी पट्ट्याच करून घेऊन आले. तिरक्या फळीवर पेपर पसरायचा, मधल्या घडीवर पट्टी ठेवायची आणि दोन्ही टोकांना नट आवळायचे. पाना माझ्या ड्रॉवरमध्ये. "चांगली घट आवळ गं, राबिया," आबा म्हणाले. मी कामाची पक्की. आवळली.

अक्रमनं रेल्वेची परीक्षा दिली होती. वयाच्या अटीत बसणारी ही शेवटची. कंपनीत तो ठेकेदाराचा माणूस, दर सहा महिन्यांनी गेटबाहेर आणि पुन्हा नव्यानं आत. निकाल नोकरीच्या साप्ताहिकात छापून येणार होता. पत्रही येतं म्हणे, पण त्यानं दोनदा खोली बदललेली. जुन्या पत्त्यावर आलेलं पत्र कोण हुडकत बसणार?

"माझं डोळं मिटत्यात बाई. तुम्हीबी नजर ठिवा," असं म्हणून त्यानं नंबर माझ्या टेबलावरच्या कॅलेंडरवर लिहिला. शेवटचे आकडे चार-एक-शून्य-सात. त्यानंतर मला घरी दूध उतू गेलं तरी तेच आकडे आठवायचे.

मुलाखतीत इंजिनाचं विचारतात, असं त्याला कुणीतरी सांगितलं. मी शिरूरच्या मोठ्या लायब्ररीतून माझ्या नावावर एक जाडजूड पुस्तक आणलं. त्यातलं ब्रेकचं प्रकरण त्याला पंधरा दिवस पुरलं, कारण तिसऱ्या पानावर तो झोपायचा. आठ वाजता मी बाकावर फूटपट्टी आपटायची.

"गाडी सुटली, उठा!"

"झोपलो न्हवतो. डोळं मिटून पाठ करत होतो."

"घोरत पाठ करता?"

"इंजानाचा आवाज हाय त्यो. प्रॅक्टिकल!"

असा दमलेला माणूस हसला की समोरच्याचाही शीण उतरतो. मला हे पुस्तकात कुठं सापडलं नव्हतं.

मग निकालाचा अंक आला. नंबरांनी भरलेली दोन पानं, मधल्या घडीत पट्टीखाली आवळलेली. सोमवारी तो तासभर उभा होता – हात मागं. मंगळवारी पुन्हा. मीही टेबलावरून उठून दोनदा पाहिलं. चार-एक-शून्य-पाच होता. पुढचा एकदम चार-तीन-नऊ-दोन.

बुधवारी त्यानं ब्रेकचं पुस्तक टेबलावर ठेवलं.

"खातं बंद करा, बाई."

"निकालापुरतंच वाचनालय असतं का? नुसतं वाचायला या की."

"वाचून काय करू? दमलो आता." दारापाशी तो थांबला, मागं न बघता म्हणाला, "तुम्ही पान लई हळू उलटायचा. बरं वाटायचं."

गेला.

त्या दिवसापासून मला झोप नाही. उशीवर डोकं टेकलं की नंबर सुरू. शनिवारी नवा अंक आला म्हणून मी दोनलाच वाचनालय उघडलं, पाना घेतला, नट सैल केले, पट्टी उचलली. घडीवर तिचा बोटभर रुंद वळ उमटलेला, आणि त्या वळात दाबलेला नंबरांचा एक अख्खा रकाना.

चार-एक-शून्य-सात.

त्यानं पेपराला बोट लावलं असतं तर पट्टीखालचा कागद जरासा तरी सरकला असता. पण हात दाखवा म्हणणारी मी, पट्टी आवळणारीही मीच. खाली तारीख होती – परवाचीच, सोमवारी सकाळी दहा, मुंबई, मूळ कागदपत्रांसह.

पेपर वाचनालयाबाहेर नेऊ नये. ही पाटी माझ्याच अक्षरात दारावर होती. मी पेपर ओढणीखाली घेतला आणि कंपनीच्या गेटवर जाऊन उभी राहिले. कुणाची तरी बहीण गेटवर कशाला, हे गावाला संध्याकाळपर्यंत पुरलं असतं.

"किससे मिलना है, मॅडम?" वॉचमननं विचारलं.

"पुस्तक राहिलंय एकाकडं."

तीन वाजले. भोंग्याबरोबर निळे शर्ट बाहेर लोटले. सगळ्यांच्या चेहऱ्यावर तोच थकवा, पण माझा मला बरोबर सापडला.

"बाई? हितं? पुस्तक तर दिलं मी..."

मी पेपर उघडला, बोट ठेवलं. त्यानं वाचलं. मग पुन्हा एकदा वाचलं.

"म्हंजी मी पास हाय?"

"पहिल्यापासून. नापास मी केलं तुम्हाला. त्या पट्टीनं." मी पेपर त्याच्या हातात कोंबला. "सोमवारी मुंबईला जा. कुठं लांब टाकतील तिथं जा... पण जा."

माणसं आमच्याकडं वळून बघत होती.

"खातं का बंद केलं, ठावं हाय?" तो हळूच म्हणाला. "अम्मीला तुमच्या घरी धाडायची हुती. निकाल लागल्यावर. सहा महिन्याच्या नोकरीवर कुठल्या तोंडानं धाडू? न्हाई लागला, म्हटलं रोज समोर तरी कशाला बसायचं..."

मी काय बोलले ते आठवत नाही. बहुतेक, "आता चला, चारला उघडायचंय," असलं काहीतरी. प्रेमात बोलायची वाक्यं मला वेळेवर सुचत नाहीत.

वाचनालयात आल्यावर त्यानं नव्या अंकावर पट्टी बसवली, घडी मोकळी सोडून. मी खुर्चीत टेकले. तीन रात्रींची झोप एकदम पापण्यांवर आली. डोकं टेबलावर कधी गेलं, कळलंही नाही.

जाग आली ती आवाजानं. मी डोळे मात्र उघडले नाहीत.

"हळू बोला, बाई झोपल्यात." शिक्का उठल्याचा आवाज. माझ्या टेबलाशी उभं राहून तो लोकांना पुस्तकं देत होता!

मग जिन्यावर काठी वाजली. सोपानआबा.

"आन् तू रं कोण हितं?"

शिक्का टेबलावर ठेवला गेला.

"अजून कुणी न्हाई, आबा," अक्रम म्हणाला. "सोमवारी मुंबईला जाऊन येतो. मग सांगतो."

आबांची काठी जागीच थांबली. नंतर त्यांनी बाक ओढलं, अगदी सावकाश, आवाज न करता.

मी तशीच पडून राहिले. आठ वाजायला अजून बराच अवकाश होता, आणि आज फूटपट्टी आपटायचं काम त्याच्याकडं होतं.