हिरवं कडं

सिंदीला आमच्या घराच्या मागच्या खिडकीतून फक्त सरकीच्या गोदामाची भिंत दिसते. सलग विटा, एकही झरोका नाही. दुपारी माझी लेक रुचिका त्या खोलीत पाळण्यात झोपते. खिडकीच्या फळीवर माझ्या एमएस्सीच्या प्रोजेक्टचा स्फटिक पडलेला असतो, काचेच्या खड्यासारखा.

परवा तिच्या कपाळावर हिरवं कडं दिसलं. बारीक, बांगडीएवढं, मध्ये पोकळ.

कडं मी ओळखलं. या स्फटिकात ठरावीक दिशेने किरण शिरला, की तो पोकळ शंकूसारखा पसरतो आणि समोर कडं उमटतं. हिरवं का, तेही माहीत होतं. डोळ्यांना न दिसणारा अवरक्त उजेड आत गेला, तर कंपनं दुप्पट होऊन तो हिरवा बाहेर पडतो. पण त्याला जबर लेसर लागतो. समोर तर विटा होत्या.

पाळणा सरकवला. कडं पुन्हा कपाळावर आलं. स्फटिक जागचा हलला नव्हता.

सासूबाई दारात येऊन थबकल्या. "शिकून काय केलं वं? तीट लाव म्हटलं तं हसली. फेक तो खडा नालीत!"

"खडा उजेड करत नाई, आई. आलेला दाखवते फक्त. फेकला तर येणं थांबन काय? मले दिसणार नाई, एवढंच."

त्या हळूच म्हणाल्या, "मंग पोरीले घेऊन माहेरी जाय."

"नाई जात. तिथं येणार नाई कशावरून? इथं निदान मी पाहून राह्यली."

टीव्हीच्या रिमोटचा न दिसणारा उजेड मोबाइलच्या कॅमेऱ्यात दिसतो. मी मोबाइल खिडकीकडे धरला. विटांवर जांभळट पांढरा ठिपका होता. मोबाइल बाजूला नेला की तो खिडकीच्या गजाआड लपायचा. म्हणजे बाहेर होता.

मी पाळणा आणि खिडकीच्या मध्ये उभी राहिले. तळहात पुढे केला. कडं तळहातावर आलं. कोमट.

"हिच्यापर्यंत जाऊ देणार नाई," मी भिंतीला म्हटलं. "काय करायचं ते कर."

सासूबाईंनी रुचिकाला उचलून पदराखाली घेतलं.

कडं विझलं.

पुन्हा लागलं. आता चटका बसत होता.

हात न हलवता मी मोबाइल बाजूला नेला.

या वेळी ठिपका गजाआड गेला नाही. गज ठिपक्याआड गेला.