शेवटची सोळा पानं

अभिजात साहित्य अमर असतं. वाळवीला मात्र हे कुणी कळवलेलं नाही. त्यामुळे ग्रंथालयाच्या जिन्याखालच्या खोलीत बरंच अमर साहित्य पाठीचे दोरे लोंबवत पडलेलं असे, आणि बांधणीवाली त्याला खळ लावून, दोरा ओवून पुन्हा कपाटात उभं राहण्यालायक करत असे.

रिपरिप पाऊस चाललेल्या एका दुपारी तिच्या दारात एक भिजलेला माणूस येऊन थांबला.

"माझं पुस्तक इथं आलंय," तो म्हणाला.

"इथली पुस्तकं ग्रंथालयाची असतात."

"हो, म्हणजे... मी ते आठ वेळा नेलंय. म्हणून माझं."

"अच्छा. म्हणजे पाठ मोडली ती तुम्ही."

त्यानं ओशाळून चष्मा काढला आणि ओल्या बाहीनं पुसायचा निष्फळ प्रयत्न केला. चष्म्याशिवाय हा बराच बरा दिसतो, हे तिच्या लक्षात आलं. दुरुस्तीच्या वहीत अशा नोंदीला रकाना नव्हता, म्हणून तिनं ते मनातच ठेवलं.

तो एका सिनेमा कंपनीत वाचक होता. जुनी पुस्तकं वाचायची, जुने सिनेमे पाहायचे आणि त्यांतलं कुठलं नव्यानं पडद्यावर आणण्याजोगं आहे ते एका पानात साहेबांना लिहून द्यायचं, ही त्याची नोकरी. नऊ वर्षांत त्यानं एकेचाळीस शिफारसी केल्या होत्या. साहेबांनी त्या सगळ्या बाजूला ठेवून, तीन वर्षांपूर्वी गाजलेलेच सिनेमे पुन्हा काढले होते.

"जे एकदा नीट झालं ते परत कशाला करायचं?" तो स्टुलावर बसत म्हणाला. बस, असं त्याला कुणी म्हटलं नव्हतं. "जे चांगलं असून कुणी पाहिलं नाही, ते काढावं ना."

"आमच्याकडेही तेच. ज्याला काही झालेलं नाही तेच पुस्तक लोक आधी दुरुस्तीला पाठवतात."

तो हसला. मग त्यानं त्या साठ वर्षांपूर्वीच्या, सगळ्यांनी विसरलेल्या कादंबरीबद्दल सांगितलं. बेचाळिसावी शिफारस तिचीच होती, आणि ती शेवटासाठी होती. नायिका दाराशी जाते. बाहेर तो आहे की नाही, ठाऊक नाही. 'तिनं कडी काढली आणि' — बस्स. पुस्तक संपलं. पूर्णविरामसुद्धा नाही.

"कुठं गप्प बसावं हे कळलेला एकच लेखक मी पाहिलाय," तो म्हणाला.

तो गेल्यावर बांधणीवालीनं पुस्तक उसवलं. सोळा-सोळा पानांचे सतरा गठ्ठे, म्हणजे फॉर्म, निघाले. पानं दोनशे बाहत्तर. अनुक्रमणिकेत शेवटचं प्रकरण मात्र दोनशे पंच्याहत्तराव्या पानावर होतं. आठ वेळा पुस्तक वाचणाऱ्यानं अनुक्रमणिका एकदाही पाहिली नव्हती. इतकी मोठी चूक करायला माणूस चांगला शिकलेलाच लागतो.

पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला तीस वर्षांपूर्वीची तारीख होती, आणि खाली बाबांची सही. तिच्या आधी या खोलीत बाबाच बसत.

बाबा घरी छत्रीची काडी बसवत होते. "सुटला असेल एखादा फॉर्म," ते शांतपणे म्हणाले. "टेबलाच्या खालच्या खणात बघ. सुटलेलं मी फेकत नसे."

"तीस वर्षं लोक अर्धवट पुस्तक वाचतायत, बाबा."

"तक्रार आली का एक तरी?"

त्याच संध्याकाळी ती परत ग्रंथालयात गेली. सोळा पानं खणातच होती. तिनं ती उभ्या-उभ्याच वाचली. कडी काढली आणि बाहेर तो होता. मग खलनायकाला पश्चात्ताप झाला. मग नायकाच्या काकांनी कर्तव्य या विषयावर चार पानं भाषण केलं आणि उरलेल्या पानांत सगळ्यांची लग्नं लागली.

खळ वाळायला दोन दिवस पुरतात. या पुस्तकाला तीन आठवडे लागले. एक दिवसाआड तो चौकशीला येई, आणि ती म्हणे, "अजून ओलं आहे."

"हवा दमट आहे," तो समजूतदारपणे म्हणे आणि स्टूल ओढे.

"तुम्हाला ऑफिस नसतं?"

"मी ऑफिसातच आहे. पुस्तकाचा पाठपुरावा करतोय."

"पुस्तक त्या कोपऱ्यात आहे. तुम्ही इकडे बघताय."

"...कोपऱ्यात उजेड कमी आहे."

असं चाललं होतं, आणि बरं चाललं होतं. मग एका सकाळी तो पायऱ्या धडपडत उतरला. साहेबांनी होकार दिला होता. नऊ वर्षांत पहिला. "शेवटासाठी," तो म्हणाला. "नुसत्या शेवटासाठी."

बांधणीवालीनं सुई खाली ठेवली. पानं शिवली, तर त्याचा सिनेमा जाणार होता आणि बहुधा तोही. न शिवावीत, तर नियमाप्रमाणे पहिल्या पानावर 'अपूर्ण' अशी चिठ्ठी लावावी लागणार होती, आणि पुठ्ठ्याच्या आत सही बाबांची, म्हणजे चूकही त्यांच्याच नावावर. चिठ्ठीही न लावता पुस्तक तसंच द्यावं, हा तिसरा रस्ता होता. तो सोपा होता. तिनं खण उघडला.

"हे वाचा," ती म्हणाली. "माझ्या बाबांच्या हातून सुटलं होतं. शिवायचं की नाही ते... तुम्ही सांगा."

तो वाचत गेला. काकांच्या भाषणाशी त्यानं चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. भाषण तसंच होतं.

"हे कधीपासून ठाऊक आहे?"

"तुम्ही पहिल्यांदा आलात त्या संध्याकाळपासून."

त्यानं पानं बॅगेत ठेवली आणि तो निघून गेला. स्टूल तिनं जागेवर नेऊन ठेवलं. चार दिवस खोलीत सगळं वेळेवर वाळत होतं. बाबांनी एकदा विचारलं, "ठमे, जेवत का नाहीस?" ती म्हणाली, खळीच्या वासानं. सात वर्षं ती त्याच वासात डबा खात आली होती, हे बाबांना ठाऊक होतं.

पाचव्या दिवशी तो आला. दारातच थांबला.

"साहेबांना सांगितलं मी. पानंही दाखवली. त्यांनी ती स्वतः वाचली — नऊ वर्षांत त्यांनी स्वतः वाचलेली ही पहिली सोळा पानं."

"मग?"

"म्हणाले, हे आधी का नाही दाखवलंस? लग्न आहे, भाषण आहे, सगळं आहे. आता तोच शेवट घेणार आहेत."

"आणि तुमचा शेवट?"

"गेला." तो फारसा दुःखी दिसत नव्हता. "तुम्ही बोलला नसतात तर कुणाला कळलंही नसतं."

"मला कळलं असतं."

"हेच... चार दिवस हेच डोक्यात आहे." त्यानं पानं टेबलावर ठेवली. "शिवा. मग पुस्तक तयार, आणि मला इथं यायला काही कारण उरणार नाही."

"नाही उरणार."

"तरी आलो तर?"

"तर पाय पुसून या. तीन आठवडे फरशी पुसतेय मी."

तो पायपुसण्यापर्यंत मागं गेला, नीट पाय पुसले आणि परत आला. तिनं हात पुढं करून त्याचा चष्मा काढला, पदरानं पुसला आणि त्याच्या नाकावर ठेवला. खळीचं बोट लागून काच आणखीच धूसर झाली होती.

"दिसतंय का?" तिनं विचारलं.

"काहीच नाही," तो म्हणाला. "राहू दे. तू आहेस एवढं समजतंय."

'तू' ऐकून तिनं स्टूल पायानं पुढं सरकवलं.

पुढच्या वर्षी त्यांचं लग्न झालं आणि त्यानंतर महिन्याभरात सिनेमा आला. बाबांना घेऊन दोघं पहिल्याच दिवशी गेले. काकांचं भाषण सुरू झालं तशी माणसं उठून जायला लागली.

सिनेमा सहा दिवस चालला.