घडण्याआधी

"सबटायटल लिहिणारे कुठे बसतात हो?"

"शेजारचं दार," मान वर न करता मी म्हटलं. संग्रहालयातलं जुनं रीळ तपासायला यंत्रातून फिरवत होते. जरा लक्ष उडालं तर फाटतं. पण तो गेलाच नाही. छत्रीचं पाणी फरशीवर टपटपत होतं आणि तो माझ्या टीचभर पडद्याकडे बघत उभा. पडद्यावर एक बाई नवऱ्याच्या शर्टाची बटणं लावत होती. लावता लावता तिची बोटं थांबली…

"तिला कळलंय," तो हळूच म्हणाला.

"काय?"

"त्याचं दुसरीकडे कुठेतरी आहे, ते."

मी चमकून वर पाहिलं. हाच प्रसंग सकाळपासून किती वेळा डोळ्यांखालून गेला होता, आणि मला मात्र नुसती बटणं दिसली होती.

चित्रपट हिंदी, कृष्णधवल. दुसऱ्याच सिनेमाच्या डब्यात सापडलेला. आठवडाभरही चालला नव्हता म्हणे. सबटायटल लिहायचं काम त्याच्याकडेच आलं. मग रोज दुपारी तो स्टूल ओढून माझ्याशेजारी बसायचा.

"बाईसाहेब, जरा मागे घ्या ना."

"पुन्हा? सिनेमा बघताय की मला छळताय?"

"दोन्ही," तो हसायचा. मीही हसायचे. खूप दिवसांनी.

शेवटच्या रिळात त्या बाईला शेजारचा शिक्षक आवडू लागतो. नवऱ्याला ती ना माफ करते, ना विहीर जवळ करते. त्याच्यासमोर बसून सरळ सांगून टाकते. प्रेक्षकांना हेच रुचलं नसावं.

तो प्रसंग संपला तेव्हा खोलीत फक्त यंत्राची घरघर होती. रीळ काढताना त्याचा हात माझ्या हातावर आला… आणि राहिला.

"मला तुम्ही—" त्याने सुरुवात केली.

"नको," मी हात काढून घेतला. "माझं लग्न झालंय. नवरा आठवड्यातले निम्मे दिवस दुसरीच्या घरी असतो. सगळ्यांना माहीत आहे, बोलत कुणी नाही. तरीही… झालंय."

त्याने रीळ डब्यात ठेवलं. मग छत्री उचलत म्हणाला, "मग मी काही विचारत नाही. पण मला तुम्ही आवडता, हे खोटं ठरवता येणार नाही मला."

संध्याकाळी नवरा घरी होता. मोबाईल उलटा ठेवून जेवत होता. सासूबाई वाढत होत्या.

"मला कुणीतरी आवडू लागलंय," मी म्हटलं. "अजून काही घडलेलं नाही. घडण्याआधी सांगतेय."

त्याचा घास हातातच राहिला. "लाज नाही वाटत? आईसमोर? कोण आहे तो?"

"तू मला कधी सांगितलं होतंस, ती कोण आहे ते?"

तो ताटावरून उठला. दार धाडकन आपटलं. सासूबाईंकडे बघायचा मला धीर होईना. आता बोलणी बसणार, असं वाटलं. त्यांनी वाढायचा डाव हळूच खाली ठेवला.

"तुझे सासरेही असेच होते," त्या म्हणाल्या. "मी येतील येतील म्हणत बसले. आले… पण तोवर मला नकोसे झाले होते." मग खाली मान घालून, "तू बसू नकोस गं."

त्या रात्री आम्ही दोघी रडलो, एकमेकींना न दाखवता.

घटस्फोटाला वर्ष लागलं. त्या वर्षात सबटायटल लिहिणारा तो कामापुरताच भेटला, कामापुरतंच बोलला. चित्रपट छोट्या सभागृहात दाखवला, त्या दिवशी मोजकीच माणसं होती. तो एकटा, मागच्या रांगेत. मी सगळ्यांसमोरून चालत गेले आणि त्याच्याशेजारी बसले.

"कागद आले काल," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. डोळे भरले होते.

"आता विचारा ना," मी म्हटलं, "काय विचारायचंय ते…"

दिवे मालवले. त्याने काहीच विचारलं नाही. फक्त हात पुढे केला. मी तो धरला.