मागच्यासाठी पुढे धरलेली जागा

कोल्हापूरच्या घाटवाहतूक प्रयोगशाळेत भिंतभर पडद्यावर वेळशी घाट दिसत होता आणि त्यातली एक बस मिरचीसारखी लाल चमकत होती. बस तशी पांढरीच होती. लाल रंग यंत्रणेनं दिला होता. घाटाच्या चौदा किलोमीटरांत वळणावळणावर बसवलेले मार्गनेत्र येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीकडे डोळे वटारून बघत, आणि जिच्यामुळे इतरांचं डोकं फिरतं अशी त्यांची खात्री पटे, ती गाडी ते लाल करून टाकत.

सपाटीवरच्या गाड्या एव्हाना आपापल्या चालायला लागल्या होत्या. घाटात मात्र धुकं, दरडी आणि म्हशी यांच्यापुढे भल्याभल्या स्वयंचालकांनी हात टेकले होते. तिथे अजून माणसंच गाड्या चालवत, आणि माणसं म्हटली की जे व्हायचं ते होत असे. मागच्यानं पुढच्याच्या बुडाला गाडी चिकटवायची, हॉर्न बडवायचा, दिवे फडफडवायचे. परिभाषा समितीनं या प्रकाराला ‘पुच्छलग्नता’ असं भारदस्त नाव दिलं होतं. ड्रायव्हर लोक त्याला ‘चिकटणं’ म्हणत, आणि चारचौघांत सांगता येणार नाहीत असे आणखी काही शब्दही वापरत.

“वर्षाला नऊ हजार चारशे!” घाट सुरक्षा मंडळाचे संचालक यशोधन पाटणकर पडद्यावर बोट आपटत म्हणाले. “या एका बसमागे नऊ हजार चारशे वेळा पुच्छलग्नता! इतर गाड्यांची सरासरी आहे तीनशे. अर्थ उघड आहे, डॉक्टर. हा श्रीपती खोराटे नावाचा ड्रायव्हर लोकांना पिसाळवतो. त्याचा परवाना रद्द करायचाय. पंधरा दिवसांत तुमची सही हवी.”

डॉक्टर म्हणजे शाल्मली नेर्लेकर, वाहतुकीच्या भौतिकशास्त्रातली तज्ज्ञ. तिला घाई सोसत नसे, आणि पाटणकर म्हणजे घाईचा पुतळा. लिफ्टचं बटणसुद्धा हा गृहस्थ एकदा दाबून थांबत नसे.

“एकतीस वर्षांत गाडीला ओरखडा नाही,” ती नोंदी वाचत म्हणाली. “निवृत्तीला दहा महिने राहिलेत. अशा माणसाला चिथावणीखोर ठरवून घरी बसवायचं? मी आधी त्याला भेटते.”

खोराटे भेटले ते स्टँडच्या कँटीनमध्ये, बशीत चहा ओतताना. काटकुळा माणूस, कपाळावर बुक्का, आणि डोळे असे निवांत की जगात कुणाला कुठे वेळेवर पोचायचं असतं हे त्यांच्या गावीच नसावं. तरी त्यांची गाडी कधी उशिरा पोचल्याची नोंद नव्हती.

“परवाना काढून घेणार म्हणं?” त्यांनी सरळच विचारलं. “घ्या की. पर लोकांस्नी तरास देतो म्हणून काढला असं गावात झालं, तर तोंड कसं दाखवू, मॅडम? तेवढं मातुर लिहू नगा.”

शाल्मलीनं विषय बदलून विचारलं, “मागचा चिकटला की तुम्ही नेमकं करता काय?”

“काय न्हाई. पुढची जागा वाढवतो.”

“पुढची? चिकटलाय तो मागे.”

“म्हणून तर!” खोराट्यांनी बशी खाली ठेवली. “त्यानं चिकटून सोत्ताची ब्रेक मारायची जागा खाल्ली, खरं का न्हाई? आता मी गचकन थांबलो तर त्यो माझ्यात घुसणार. त्याला तेवढी अक्कल असती तर चिकटलाच नसता. मग त्याची जागा मीच धरायची. एसटीत मागनं येणाऱ्यासाठी रुमाल टाकून जागा धरतात न्हवं? तशी. पुढं दुप्पट मोकळं ठेवलं की मला गचकन ब्रेक मारायची पाळीच येत न्हाई. पाय हळू उचलायचा, आन् रस्ता सरळ लागला की हात बाहेर काढून म्हणायचं, या पावणं, जावा पुढं.”

“राग येत नाही?”

“सुरवातीला येत हुता. एकदा मुद्दाम ब्रेक दाबला. मागच्या गाडीत बाळंतीण हुती.” त्यांनी बशीतला चहा संपवला. “काय झालं न्हाई तिला, देवाची दया. पर तवापासनं मागं कोण हाय ते मी ठरवत न्हाई. कोण बी असंल.”

शाल्मली पंधरा वर्षं समीकरणं मांडत होती, आणि हा माणूस तेच चहा पिता पिता सांगत होता! दुसऱ्या दिवशी ती पाटणकरांसमोर बसली तेव्हा तिच्या आवाजात कौतुक मावत नव्हतं.

“साहेब, एकानं ब्रेक दाबला की मागचा जरा जास्त दाबतो, त्याच्या मागचा आणखी जास्त. विसाव्या गाडीपर्यंत सगळं ठप्प. पुढे ना अपघात, ना दरड. याला आम्ही थबकलहर म्हणतो. घाटातल्या निम्म्या धडका त्या लहरीत होतात. पण ज्याच्यापुढे मोकळं अंतर आहे, त्याला ब्रेक दाबावाच लागत नाही. लहर त्याच्यापाशी येऊन विरते. वीस गाड्यांत असा एक चालक असला की अख्खी रांग सुरळीत चालते. आणि वेळशी घाटात गेली चार वर्षं थबकलहर जवळजवळ नाहीच!”

“ती नाही, ती माझ्या मंडळामुळे.”

“ती नाही, ती खोराट्यांमुळे. पैज लावा. आठवडाभर त्यांना गाडीवर पाठवू नका. लहरी उठल्या तर ते निर्दोष.”

“आणि नाही उठल्या तर?”

“तर मी सही करते,” शाल्मली म्हणून गेली.

सोमवारी खोराटे घरी बसले. शाल्मली पडद्यासमोर बसली. घाट शांत. मंगळवारी शांत. बुधवारी तर असा सुरळीत, की बघत राहावं. गुरुवारी एका वळणावर चारपाच ब्रेकदिवे एकदम लागले, तेव्हा ती खुर्चीतून उठलीच. “हं, आता!” असं तोंडातून निघूनही गेलं. मग दिवे विझले, रांग पुढे सरकली आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. आपण चक्क माणसं अडकायची वाट बघतोय! रविवारपर्यंत एकही लहर उठली नाही. ती पैज हरली होती.

तिनं खोराट्यांना फोन केला. काय बोलावं ते सुचेना, म्हणून आकडे सांगितले.

“म्हंजे मी नसताना बी घाट नीट चालला?” पलीकडून आवाज आला. “झाक झालं की, मॅडम! मला घोर लागला हुता.”

स्वतःचा परवाना जातोय आणि या माणसाला घाटाचा घोर! फोन ठेवल्यावर शाल्मली रडली. मनसोक्त रडून झाल्यावर तिनं डोळे पुसले, सहीसाठी अहवाल पुढे ओढला आणि पहिल्याच पानावर तिला आपलीच घोडचूक दिसली.

वीस गाड्यांत एक, असं तिनंच लिहिलं होतं. आणि घाटात एका वेळी गाड्या असत चारशे. चारशे गाड्यांना एक खोराटे कसे पुरणार? वीस हवेत! घाट चार वर्षं शांत होता, तर ते वीस जण तिथे असलेच पाहिजेत, आणि खोराटे घरी बसले तरी ते तिथेच होते. गणितापुढे दुसरा काही मार्गच नव्हता.

मग ते कोण? प्रत्येक चालकाची पाय उचलायची, दाबायची एक तऱ्हा असते, अक्षराला वळण असावं तशी. प्रयोगशाळेत तिला चालखूण म्हणत. शाल्मलीनं खोराट्यांची चालखूण यंत्रणेला दिली आणि विचारलं, हिच्याशी जुळणारे आणखी कोण? सोमवारी सकाळी उत्तर आलं. त्या वेळच्या चारशे गाड्यांत एकवीस. तिनं एकेकाची जुनी नोंद काढली, आणि तिच्या अंगावर काटा आला. एकवीसच्या एकवीस जण एकेकाळी खोराट्यांच्या बुडाला चिकटणारे होते. कुणी तीस वेळा, कुणी साठ. आधी हॉर्न, दिवे, सगळा तमाशा. मग हळूहळू कमी. मग एके दिवशी तेच दुप्पट अंतर, तोच बाहेर काढलेला हात, त्यांच्या मागे चिकटलेल्या तिसऱ्याच कुणासाठी. मंडळ ज्याला गुन्ह्यांची यादी समजत होतं, तो शाळेचा हजेरीपट होता. आणि मास्तरांना शाळा आहे याचाही पत्ता नव्हता!

दहा वाजता पाटणकर आले, घरून थेट. घर त्यांचं घाटाखाली, कोकणाच्या बाजूला.

“झाली सही?”

“आधी हे बघा. आज सकाळी पावणेनऊचं, सातवं वळण.”

पडद्यावर एक करडी गाडी चढ चढत होती. मागे विटांनी भरलेला ट्रक, जेमतेम हातभर अंतरावर, हॉर्न बडवत. करड्या गाडीनं पुढचं अंतर वाढवत नेलं, सरळ रस्ता येताच काचेतून हात बाहेर आला आणि ट्रक पुढे निघून गेला.

“ही माझी गाडी आहे,” पाटणकर ताठ झाले. “माझ्यावर पाळत ठेवता?”

“नाही साहेब. तुम्ही पुढे एवढी जागा का सोडलीत, तेवढंच विचारायचंय. तुम्हाला तर कायम घाई असते.”

“अहो, का म्हणजे? तो ट्रक मला चिकटला होता. त्याला ब्रेक मारायला जागा होती का? मग त्याची जागा पुढे मलाच धरायला...”

ते थांबले. पडद्यावर अजून त्यांचाच हात दिसत होता. शाल्मलीनं जुनी नोंद पुढे सरकवली. करडी गाडी, खोराट्यांच्या बसमागे, त्रेपन्न वेळा. पाटणकरांनी ती शेवटपर्यंत वाचली. घाई न करता वाचली.

“नंबर लावा त्यांचा,” ते म्हणाले.

“खोराटे, उद्या सकाळची गाडी तुम्हीच न्यायची,” फोन लागल्यावर त्यांनी सांगितलं. “मंडळाची चूक झाली, आम्ही तसं लेखी देऊ. आणि... मी पाटणकर. करडी गाडी. तुमच्या मागे असायचो.”

खोराट्यांचा आवाज एकदम खुलला.

“करडी? चारदा हॉर्न देनारे तुम्हीच व्हय! अवो, तुम्ही मागं चिकटलेलं दिसला न्हाई बरेच दिस, तवा मला वाटलं, कुठं ठोकली का काय गाडी बिचाऱ्यानं. म्या घरात बी इचारलं हुतं.” ते मोकळं हसले. “नीट हाय न्हवं सगळं, साहेब?”

“नीट आहे सगळं,” पाटणकर म्हणाले, आणि फोन ठेवायची घाई त्यांनी केली नाही.