चौथा चिमटा

खरं सांगतोय. पटत नसेल तर वाचू नका, पण खाली "फेकतोय" असं लिहायचं नाही. डोकं फिरतं माझं.

रात्र-बित्र नव्हती. रविवार, दुपारचे सव्वातीन. बंद ऑफिसांची एक मोठी इमारत आणि तिच्या पोटात, जमिनीखाली तीन मजले, पार्किंग. तिथले दिवे माणूस हलला की लागतात. कुणी हललं नाही की आपोआप विझतात.

मी नववीत शाळा सोडली. तेव्हापासून मामाबरोबर असतो. बॅटरी उतरून कुणाची गाडी बंद पडली की आम्ही जातो. आमची चांगली बॅटरी ढकलगाडीवर, दोन केबल, चार चिमटे. घरात मला काडी म्हणतात. अंगाने तसाच आहे.

मामाचा एक नियम आहे. चिमटे लावायच्या आधी उतरलेली बॅटरी डोळ्यांनी बघायची. फुगलीय का, तडा गेलाय का. तशी असेल तर करंट द्यायचा नाही. फुटते. ॲसिड उडतं. मामाच्या कानाखाली डाग आहे, तो त्याचाच.

म्हणून एकाने बघायचं, दुसऱ्याने लावायचं. मामा ओरडतो, "बघितली?" मी ओरडतो, "बघितली, लाव." उत्तर आल्याशिवाय तो चिमट्याला हात लावत नाही.

ती गाडी सात महिने उभी होती. काळी, लांबलचक, टायर बसलेले. तिची बॅटरी मागे डिकीत. चिमटे लावायची जागा मात्र पुढे, बोनेटखाली. आणि डिकी उघडते बटणावर. बटणाला करंट कुठला?

मामाने किल्लीने पुढचं दार उघडलं. "शीर आत. मागची सीट पाड आणि घुस डिकीत उंदरासारखा."

"आणि अडकलो तर?"

"तर तुझी आई मला जेवायला घालायची नाही. चल, नाटकं नकोत."

मी सीटची पाठ पाडली. मोबाईलचा टॉर्च लावून मागच्या सीटवर ठेवला आणि सरपटत आत गेलो.

आधी वास आला. सडक्या अंड्यांचा.

मग बॅटरी दिसली. दोन्ही बाजू फुगून गोल झालेल्या. वरच्या कडेला बोटभर तडा.

मामाला सांगायला मी वळलो...

आणि सीटची पाठ उठली.

हळूहळू. कुणीतरी पलीकडून उचलावी तशी.

खट्.

अंधार.

मी ढकललं. हलेना. तिचा खटका पलीकडच्या बाजूला. पाय दुमडलेले, डोक्यावर पत्रा, तोंडापासून वीतभर लांब ती फुगलेली बॅटरी.

पुढून मामा ओरडला, "बघितली?"

मी तोंड उघडलं...

"बघितली, लाव."

मी नाही बोललो.

आवाज माझा होता. माझाच. थोडा घोगरा, शेवटचा शब्द ओढलेला. पण तो पुढच्या सीटवरून आला होता.

"मामा! नको! लावू नकोस!" मी जीव खाऊन ओरडलो. पत्र्यावर लाथा घातल्या.

"ए काडी, कसले आवाज रे?"

"सीट बसत नाहीये. तू तुझं काम कर ना म्हाताऱ्या." पुन्हा पुढून, माझाच आवाज.

मामा हसला. कारण मी त्याला म्हाताराच म्हणतो. रोज.

मामा प्रत्येक चिमटा मोठ्याने बोलून लावतो. मला शिकवायला लावलेली सवय.

"पहिला लाल, गाडीला."

मी अजून ओरडत होतो. पण माझा आवाज मलाच बारीक ऐकू यायला लागला. उशीत तोंड खुपसून ओरडल्यासारखा.

"दुसरा लाल, आपल्या बॅटरीला."

चौथा लागला की करंट सुरू. करंट सुरू झाला की तो ह्या बॅटरीत येणार. माझ्या तोंडाशी.

खिशात दहाचा पाना होता. नेहमी असतो. मामाने हजारदा सांगितलंय, बॅटरी तोडायची तर आधी मायनस काढ. एक तार सुटली की तिच्यात करंट शिरत नाही. प्लसवर टोपी असते. चाचपलं. इकडे टोपी. म्हणजे तिकडचा मायनस.

पाना बसवला. नटावर पांढरी भुकटी चढून दगड झालेला.

"तिसरा काळा, आपल्या बॅटरीला."

जोर लावला. हात सटकला. बोट सोललं.

तेव्हा कळलं... सीटच्या पलीकडे कुणीतरी धापा टाकतंय. माझ्याच वेगाने. मी श्वास धरला.

त्यानेही धरला.

पुन्हा पाना. कर्र... फिरला. अजून एक आटा. तार उपटून काढली आणि टी-शर्टच्या टोकात गुंडाळून मुठीत घट्ट धरली.

"चौथा काळा. बॅटरीपासून लांब, इंजिनच्या कोऱ्या लोखंडाला. देऊ?"

"दे मामा."

ह्या वेळी आवाज पुढून नाही आला. सीटच्या कापडाला ओठ लावून, माझ्याकडे तोंड करून कुणीतरी बोललं.

चट्.

डिकीतला छोटा दिवा लागला. बॅटरी गप्प. गाडीत करंट होता, पण आमच्या बॅटरीचा. हिच्यात थेंबभरही नाही.

पावलं मागे आली. मामाने बटण दाबलं. डिकी उघडली.

मामाचं तोंड उघडंच राहिलं.

"तू... तू पुढे बसलायस ना? आत्ता काचेतून अंगठा दाखवलास..."

तो पुढे धावला. पुढे कुणी नव्हतं. सगळी दारं बंद. माझा मोबाईल ड्रायव्हरच्या सीटवर होता, टॉर्च विझलेला. मी तो मागे ठेवला होता. शपथेवर.

परत येऊन मामाने फुगलेली बॅटरी बघितली आणि माझ्या थोबाडीत दिली. "असली मस्करी करतात?"

एरवी मी पेटलो असतो. मी फक्त मूठ उघडून तार दाखवली. बोटाचं रक्त दाखवलं. मामाने चिमटे काढले, डिकी आपटली, मला हाताला धरून तो निघाला. मी लहान असताना धरायचा तसा.

लिफ्टपाशी वळून बघितलं. मागचे दिवे एकेक करून विझत गेले.

त्या गाडीवरचा सोडून.

ती गोष्ट आम्ही घरात काढत नाही. मामा अजूनही म्हणतो, "तूच बोललास. मला तुझा आवाज कळत नाही होय?"

पण त्या दिवसापासून मी तोंडाने उत्तर देत नाही. पान्याने पत्र्यावर तीन ठोके देतो. मामाने कारण विचारलं नाही.

गेल्या मंगळवारी एका बंगल्याच्या गॅरेजमध्ये गेलो होतो. छोटी पांढरी गाडी, बॅटरी पुढेच. पाना ढकलगाडीवरच राहिला म्हणून तो आणायला मी मामाच्या मागे आलो. त्याला वाटलं मी बोनेटपाशीच आहे. त्याने नेहमीसारखं विचारलं, "बघितली?"

मी त्याच्या पाठीशी उभा होतो. ओठ मिटून.

बोनेटपासून माझ्याच आवाजात उत्तर आलं, "बघितली, लाव."

मामाने वळून माझ्याकडे बघितलं. मग माझ्या बंद तोंडाकडे.

"केबल गुंडाळ," तो हळूच म्हणाला. "ही गाडी नको."